खालचा डावा कोपरा

मी भांडखोर माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. घरात कमी, ऑफिसात जेमतेम आणि कॉमिक्सच्या बाबतीत पोटभर. पन्नाशीला टेकलेला बाप्या झगेवाल्या हिरोंवरून घसा बसेपर्यंत भांडतो, याची बायकोला आजही लाज वाटते. पण माझे डोळे जाताहेत हे मला त्या भांडणातच कळलं. भांडलो नसतो, तर आमच्या कोन गावच्या फाट्यावर एखाद्या ट्रेलरखाली कळलं असतं. लिहायला दिसतंय तोवर लिहून घ्यावं म्हटलं.

आमचा कंपू तिघांचा. कळंबोलीच्या लोखंड बाजारात माझ्या एका शाळासोबत्याचं पत्र्यांचं दुकान आहे. रविवारी बाजार बंद, ट्रक नुसते उभे, पत्रा कापायच्या मशीनचा आवाज नाही. दुकानाच्या माळ्यावर त्याचं एसी ऑफिस आहे, तिथं आम्ही सकाळी जमतो. तिसरी एक सुकापूरची मुलगी. मोबाइल गेम बनवणाऱ्यांकडे ती मागची दृश्यं रंगवते, म्हणजे इमारती, आभाळ, कचऱ्याचे डबे वगैरे. जुन्या पुस्तकांच्या एका प्रदर्शनात एकाच अंकाला मी एका बाजूनं आणि तिनं दुसऱ्या बाजूनं धरलं होतं आणि दोघंही सोडायला तयार नव्हतो, तिथून ओळख. आम्हा दोघांना काका म्हणते, पण काका म्हणून काडीची सवलत देत नाही.

सगळ्यात जास्त वाजतं ते एका जुन्या परदेशी मालिकेवरून. नाव राहू दे, आम्ही तिच्या हिरोला नुसतं झगेवाला म्हणतो. तो एका शहराचा रखवालदार. धरणाखालच्या वस्तीतल्या एका लहान पोरीला तो शब्द देतो की काहीही झालं तरी मी येईन. धरण फुटतं आणि तो उशिरा पोचतो. शेवटून दुसऱ्या पानावर पोरीचा हात पाण्याखाली जातो. मी ही गोष्ट शाळेत असताना वाचली, एसटी स्टँडाजवळच्या भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या टपरीवर, हिंदीत. त्या प्रतीचं शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं. त्यामुळे माझ्यापुरती गोष्ट त्या हातावर संपली होती. कितीतरी दिवस मला जेवण गेलं नव्हतं. आणि तेव्हापासून मी ठरवून टाकलं होतं की हीच जगातली सगळ्यात थोर मालिका, कारण तिच्यात हिरो हरतो आणि हरलेलाच राहतो.

अलीकडे मला तिची संपूर्ण, जाडजूड प्रत मिळाली. शेवटचं पान पहिल्यांदा बघितलं. अख्ख्या पानभर एकच चित्र, एक शब्द नाही. काळंनिळं पाणी, तुटका पूल, त्यावर गुडघे टेकून बसलेला झगेवाला, आणि बरोबर मधोमध त्याचा चेहरा, मुखवटा फाटलेला. त्या चेहऱ्याकडे बघून मला रडू फुटलं. पुस्तक मिटलं. नंतरही कितीदा उघडलं असेल, पण प्रत्येक वेळी त्या चेहऱ्यावरच नजर जाऊन अडकायची. मला वाटायचं, बघण्यासारखं त्या पानावर दुसरं आहेच काय.

आता आमच्यातला एक नियम सांगायला हवा. वाद चालू असताना पुस्तक उघडायचं नाही. मित्राच्या एका दुर्मीळ अंकावर एकदा मिसळीचा कट सांडला होता. त्यावर त्यानं इतकं तोंड सोडलं की त्यानंतर पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत बंद होऊन टेबलाच्या मधोमध जाऊन बसली, आणि आम्ही कडेनं भांडायला लागलो. जे काही म्हणायचं ते पाठ असेल त्यावर. ज्यानं पिशवीची चिकटपट्टी काढली तो हरला. आम्हाला या नियमाचा फार अभिमान होता. खरा चाहता तो, ज्याला पान पाठ असतं, असं मीच छाती काढून सांगायचो.

तर वाद असा. मित्राचं म्हणणं, या मालिकेनं वाटोळं केलं. हिच्यानंतर आलेला जो तो हिरो रडका झाला, प्रत्येकाला काळं आभाळ आणि मेलेले आईबाप पाहिजेत, कुणाला साधं हसता येईना. सुकापूरची म्हणायची, तो दोष नक्कल करणाऱ्यांचा. त्यांनी अंधार तेवढा उचलला आणि शेवटच्या पानावरची आशा सोडून दिली, पोरगी वाचते हे ते सोयीनं विसरले. इथं मी उसळायचो. कसली वाचते? मेली ती, पाण्याखाली गेली, तुम्हाला गोड शेवटाची सवय लागलीय म्हणून तुम्ही तिला जिवंत करताय. मग ती म्हणायची, काका, तिला मेलेली मानणारे तुमच्यासारखे पुष्कळ आहेत, ते म्हणतात शेवटचं पान म्हणजे झगेवाल्याला होणारा भास. मला वाटायचं, ही हवेतल्या गप्पा मारतेय. तिला वाटायचं, मी भासवाल्यांच्या पार्टीतला. असे आम्ही रविवारमागून रविवार भांडलो. दुसऱ्या कुठल्या घरात एखाद्याला समोरचं दिसलं नाही, तर त्याला डोळे तपासून ये म्हणतील. आमच्यात माझ्या न दिसण्यालाच माझं मत समजले, आणि वर त्या मताचा मान ठेवला.

त्या रविवारी मी जरा जास्तच बोललो. म्हणालो, चित्रं काढून पोट भरतेस आणि तुला साधं पान वाचता येत नाही? तिचा चेहरा पडला. मग तिनं टेबलावरची पिशवी ओढली आणि चिकटपट्टी फाडली. मित्र ओरडला, हरलीस. ती म्हणाली, हरले तर हरले. शेवटचं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं आणि खालच्या डाव्या कोपऱ्यावर नखानं टकटक करून हात मागे घेतला.

तिथं पोरगी होती.

पाण्याच्या टाकीवर उभी, अंगठ्याएवढी. लाल फ्रॉक. अख्ख्या काळ्यानिळ्या पानावर तेवढाच लाल रंग. एक हात वर केलेला.

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, ही प्रत वेगळी आहे. मित्रानं कपाटातून त्याची दुसरी प्रत काढली, तिच्यातही होती. म्हणालो, मी लक्ष दिलं नव्हतं. आणि लक्ष का गेलं नाही, हे बघायला सवयीनं नजर मधल्या चेहऱ्यावर नेली, तर पोरगी गेली. काळा डाग नाही, पांढरा ठिपका नाही. तिच्या जागी पाणी होतं, निळं, सगळीकडे होतं तसंच. टाकीसुद्धा नव्हती. नजर खाली आणली, पोरगी आली. वर नेली, गेली. असं मी किती वेळ करत होतो कुणास ठाऊक. ते दोघं बघत होते. त्यांना वाटलं, मी काहीतरी तोड शोधतोय.

मी म्हणालो, "बरं, हरलो मी."

मित्र हसला नाही. एवढ्या वर्षांत मी हा शब्द कधी उच्चारला नव्हता. बरं वाटत नाही का म्हणून त्यानं विचारलं, मी उन्हावर ढकललं. मिसळ आली तेव्हा डावीकडे ठेवलेला पाण्याचा ग्लास माझ्या कोपरानं लवंडला आणि मी बाहीवरचं पाणी बघत बसलो, कारण तो ग्लास तिथं आहे हे मला ठाऊकच नव्हतं. हल्ली असे ग्लास फार लवंडत होते. बायको धांदरट म्हणायची. आणि पनवेलच्या मार्केटात डावीकडून एक रिक्षा अंगावर आली होती, रिक्षावाला आंधळा आहेस का म्हणाला म्हणून मी त्याची कॉलर धरायला गेलो होतो. ते सगळं एकदम आठवलं. स्कूटर कळंबोलीतच ठेवली, बिघडली म्हणून सांगितलं आणि रिक्षानं घरी आलो. रिक्षात डावीकडे बसायची भीती वाटत होती. उगीचच.

घरी मी स्वतःला समजवायला लागलो. लहानपणापासून ते पान फाटलेलं, पोरगी मेली हे डोक्यात पक्कं बसलेलं, म्हणून दिसली नसेल. माणसाला जे बघायचं नसतं ते दिसत नाही, असं आपण म्हणतोच की. हे इतकं पटलं की थोडं हसूही आलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा राहिलो, मधल्या एका तारखेवर नजर रोवली आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात काय छापलंय ते वाचायचा नाही, नुसता ओळखायचा प्रयत्न केला. तिथं बायकोनं लाल पेनानं सिलेंडरची तारीख गोल करून ठेवली होती. मला नुसता कागद दिसत होता. कॅलेंडरमध्ये तर शाळेपासून मी मेलेली धरलेली कुठली पोरगी नव्हती.

खरी भीती कशाची, ते मला माहीत होतं. मी नाव घेत नव्हतो एवढंच. माझे वडील आंधळे होऊन गेले. कोनला आमच्या घराच्या ओट्यावर ते बसलेले असायचे, तोंड एक्स्प्रेसवेकडे, आणि आवाजावरून सांगायचे, हा टँकर, ही व्होल्वो, हा रिकामा डंपर. पाहुण्यांना गंमत वाटायची. मला कधीच वाटली नाही. त्यांचे डोळे कशानं गेले हे कुणी धड विचारलं नव्हतं. मोतीबिंदू असेल, शेतावरच्या उन्हानं असेल, वय झालं, असंच सगळे म्हणायचे.

मी आईला भेटायला गेलो. ती मासे साफ करत होती. मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं की वडिलांचं सुरुवातीला कसं झालं होतं. तिनं मान वर केली नाही.

"तुझ्या बापसाला पयलं ताटातली भाकरी दिसायची, वाटीतलं कालवण नाय दिसायचं," ती म्हणाली. "आमाला वाटलं, नखरं हायत. मी बोलायची, डोलं फुटलं का तुझं?"

मग तिनं हात थांबवले आणि माझ्याकडे बघितलं. मला का विचारतोस, असं तिनं विचारलं नाही. तिनं विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो. मासे तसेच ठेवून ती उठली, हात धुतले आणि माझ्या तोंडावरून ओला हात फिरवला. मी लहान असल्यापासून तिनं असं केलं नव्हतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

बायकोला सांगितलं तेव्हा तिनं आधी स्कूटरची किल्ली काढून घेतली आणि मग रडली. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तीच घेऊन गेली. तिथं एक तपासणी असते. अंधाऱ्या खोलीत एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं, मधल्या दिव्याकडे टक लावायची आणि आजूबाजूला प्रकाशाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. बरं चाललं होतं. मग बराच वेळ काहीच चमकेना. यंत्र बंद पडलं की काय, असं वाटलं. पण यंत्राचा बारीक आवाज येत होता, म्हणजे ठिपके येत होते, फक्त माझ्यापर्यंत येत नव्हते. मला इतकी भीती वाटली की मी दाबायलाच लागलो. आवाज आला की दाब. नुसता दाबत सुटलो.

शेजारी बसलेली, तपासणी घेणारी मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, दिसला तरच दाबा."

आयुष्यात इतका ओशाळलो नव्हतो. सगळी तपासणी पहिल्यापासून केली. या वेळी जिथं दिसत नव्हतं तिथं बटण धरून नुसता बसून राहिलो.

काचबिंदू. मी येताना देवाला म्हणत होतो मोतीबिंदू असू दे, तो काढता तरी येतो. डॉक्टरांनी कागदावर माझ्या नजरेचा नकाशा दाखवला, दोन्ही डोळ्यांच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात काळं काळं. गेलेलं परत आणता येत नाही, म्हणाले, राहिलेलं टिकवायचं. थेंब रोज, न चुकता, जन्मभर. मी विचारलं, आणि नाही टिकलं तर? ते म्हणाले, आत्तापासून तो विचार करू नका. म्हणजे करण्यासारखा विचार आहे, हे मला कळलं. पण त्यापुढचं त्यांनी जे विचारलं, त्यानं माझे डोळे, माझी भीती, सगळं एका बाजूला पडलं.

"मुलं आहेत?"

एक मुलगी, बायको म्हणाली. बारावीला. आर्किटेक्ट व्हायचंय. हे तिनं का सांगितलं कुणास ठाऊक, डॉक्टरांनी तर विचारलंही नव्हतं. ते म्हणाले, तिलाही घेऊन या, हे रक्तातून येतं, आणि सुरुवातीला माणसाला स्वतःला काही कळत नाही. परतीच्या रिक्षात मी एकच आठवत होतो, गेल्या महिन्यात पोरगी दाराच्या चौकटीला आपटली होती ते. उजव्या खांद्याला की डाव्या?

दरम्यान कंपूला कळलं. मित्रानं फोनवर एक सणसणीत शिवी दिली आणि फोन ठेवला. सुकापूरची घरीच आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. काका, मी इतके दिवस भांडत राहिले, आधीच उघडून दाखवलं असतं तर? मी म्हणालो, नियम मिरवला कुणी? मीच. तिला बरं वाटावं म्हणून मी पुढे असंही म्हणालो की झगेवाल्याच्या मालिकेचा वारसा काय असा वाद आता परत काढायचा नाही, त्या मालिकेमुळे निदान एका माणसाचा आजार वेळेवर सापडला. ती हसली, पण मला हसू आलं नाही. वेळेवर म्हणजे कधी, हे कुठं कुणाला माहीत होतं.

मुलीची तपासणी गुरुवारी ठरली. बुधवारी कॉलेजमधून आल्यावर ती खिडकीपाशी बसून खात होती. उजेड चांगला होता. मी ते जाडं पुस्तक घेऊन तिच्यासमोर बसलो. तिला कॉमिक्समध्ये काडीचा रस नाही, मुखवटा घालून पुरुष मारामाऱ्या करतात एवढंच तिचं मत. मी म्हणालो, एक गंमत करू. शेवटचं पान उघडलं आणि सांगितलं, या माणसाच्या नाकावर नजर ठेव. हलवायची नाही. आता न हलवता सांग, पानावर आणखी काय दिसतं?

तिच्या तोंडात घास होता, तो चावून होईपर्यंत ती थांबली, तेवढ्यात हातातलं पुस्तक मला मांडीवर ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले होते, सुरुवातीला कळत नाही. म्हणजे हिला दिसलं तरी काही खरं नाही, आणि नाही दिसलं तर मग सगळंच खरं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. बायको दाराशी येऊन उभी होती.

"पाणी," मुलगी म्हणाली. "पूल. आणि इकडे खाली काहीतरी लाल आहे. छोटंसं." मग तिनं नजर खाली आणली. "अरे, मुलगी आहे. हात हलवतेय."

बायकोनं दाराला टेकून डोळे मिटले. माझ्या घशातून काहीतरी आवाज निघाला, हसू असेल. उद्याचा दिवस अजून जायचा होता, तरी मला त्या क्षणी देवाचे पाय धरावेसे वाटले. मुलीला यातलं सगळं माहीत होतं, आम्ही तिच्यापासून काही लपवलं नव्हतं. गंमत कसली आहे ते तिला पहिल्यापासून कळलं असणार. तिनं बोट त्या लाल फ्रॉकवर ठेवलं.

"बाबा, आता तू. नाकाकडे बघ."

मी नको म्हणालो. ती म्हणाली, बघ ना. मी झगेवाल्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. कोपऱ्यातली पोरगी गेली, टाकी गेली. हे होणार हे मला माहीत होतं. पण या वेळी माझ्या मुलीचं बोटही गेलं. तिथं नुसतं पाणी होतं.

"दिसतंय का?" तिनं विचारलं.

मी नजर हलवली नाही. हात पुढे केला आणि त्या पाण्यात चाचपडत चाचपडत तिचं बोट सापडेपर्यंत शोधलं. सापडल्यावर घट्ट धरून ठेवलं.